कातडीबचाव : टिकली, नाडी आणि कढत पाण्याची बादली

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी एकाच वाक्याने सुरू होतात : ‘आता वय झालं, म्हणून...’ पुढे जी तक्रार लिहिलेली असते तिच्यात वयाचा वाटा बहुतेक वेळा थोडाच असतो. आधी एम. वाय. हॉस्पिटलच्या ओपीडीत आणि मग रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात इंदूरकरांची कातडी बघण्यात उभा जन्म गेला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. म्हातारपणी कातडीचे जे हाल होतात, ते वयापेक्षा आपण तिच्यावर काय बांधतो, काय चिकटवतो आणि काय चोळतो, त्यानेच जास्त होतात. तुमची पत्रंच त्याचा पुरावा आहेत. नावं छापत नाही, वस्ती तेवढी देते.

डॉक्टरताई, माझं वय एकसष्ट. कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला आहे. आधी वाटलं गोंद राहिला असेल, म्हणून घासून घासून धुतलं. आता डाग आठ आण्याएवढा झाला. सून तोंडाने काही म्हणत नाही, पण नातवाचा टॉवेल वेगळा ठेवते. धाकटीचं लग्न जमवतो आहोत, आणि घरात कोड निघालं असं कोणी म्हटलं तर? सध्या मोठी टिकली लावून झाकते.
— राजेंद्र नगर

ती मोठी टिकली आधी काढा. डाग झाकायला म्हणून जे लावता आहात, तेच डाग पाडतं आहे.

टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना ते विषासारखं बाधतं. सगळ्यांनाच बाधतं असं नाही. पण ज्यांना बाधतं त्यांच्या कपाळावर टिकलीच्या मापाचा गोल डाग उमटतो. कधी आधी खाज आणि लाली येते, कधी काही न होता थेट रंगच जातो. चाळीस वर्षं टिकली लावली, तेव्हा काही झालं नाही, हा युक्तिवाद इथे चालत नाही. बाधायला कधीकधी तितकी वर्षंही लागतात. रात्री टिकली काढून न्हाणीघराच्या आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत कपाळाला, ही आपल्या घराघरातली रीत. म्हणजे कपाळाला रोज तोच गोंद, त्याच जागी, दिवसभर. काही बायका डाग दिसल्यावर टिकली बोटभर वर सरकवतात. मग काही महिन्यांनी दोन डाग घेऊन दवाखान्यात येतात.

आता कोडाचं. नुसता टिकलीच्या जागीच डाग असेल, तर तो बहुधा या गोंदाचाच. तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन सगळं अंग दाखवा : ओठांचे कोपरे, बोटांची टोकं, कोपर, गुडघे, चपलेच्या पट्ट्याखालची जागा. चपलांच्या रबरातल्या आणि चिकटद्रव्यांतल्या काही रसायनांनीही असेच पट्ट्याच्या आकाराचे पांढरे डाग पडतात. जिथे काही लागलं नाही, घासलं नाही, अशा जागीही डाग सापडले, तर मात्र ते बहुधा कोड. गोंदाने सुरू झालेला डाग पुढे कोडासारखा पसरला, असंही काही जणींच्या बाबतीत होतं. म्हणून दाखवायला उशीर नको. चेहऱ्यावरच्या डागात रंग परत येण्याची शक्यता हातापायांपेक्षा बरीच चांगली असते, कारण तो केसांच्या मुळांतून परत येतो आणि चेहऱ्यावर बारीक लव भरपूर असते. डॉक्टर टॅक्रोलिमसचं मलम किंवा तत्सम काही देतील. महिने लागतील. पंधरा दिवसांत आरशाशी भांडू नका.

आणि सूनबाईंसाठी चार ओळी, हे पान त्यांच्यासमोर उघडं ठेवा. हा डाग संसर्गजन्य नाही. कोड असतं तरी ते संसर्गजन्य नसतं. टॉवेलाने नाही, ताटाने नाही, पापा घेतल्याने तर नाहीच. हा कुष्ठरोगही नव्हे. त्यातला डाग सहसा सुन्न असतो, कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतं, हीसुद्धा आवई आहे.

टिकलीवाचून कपाळ उघडं वाटतं, हे मला मान्य आहे, माझंही तेच आहे. कुंकू लावायचं तर हळदीपासून केलेलं, खात्रीच्या हातचं लावा. बाजारातल्या लालभडक कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि त्यांतल्या काहींनी उलट काळा डाग पडतो. आपल्या आज्या आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवत, तीच पद्धत बरी. पण डाग भरेपर्यंत तेही नको. लग्नाच्या बोलणीला रिकाम्या कपाळाने बसलात म्हणून मुलीचं लग्न मोडणार असेल, तर त्या घरात मुलगी न दिलेलीच चांगली.

आईचं वय चौऱ्याहत्तर. कमरेला परकराची नाडी बांधते तिथे काळा, जाड पट्टा झाला आहे आणि उजव्या बाजूला एक चीर पडली आहे, ती भरतच नाही. हळद झाली, कडुनिंब झाला, बोरोलीन झालं. ‘एवढं काय त्यात, सगळ्या बायकांना असतं,’ असं म्हणून ती दाखवायला येत नाही. तुम्ही लिहिलंत तर ऐकेल.
— लोकमान्य नगर

लिहिते. जरा सविस्तर लिहिते, कारण हे पत्र तुमच्या एकटीचं नाही.

कमरेचा काळा पट्टा खरोखरच अनेकींना असतो. नाडी घट्ट, गाठ रोज त्याच बाजूला, वरून निऱ्यांचं ओझं, उन्हाळ्यात घाम. कातडी रोज घासली गेली की आधी काळी पडते, मग जाड होते, खाजते, सालं निघतात. वयानुसार कातडी पातळ होत जाते आणि जखमा हळू भरतात, म्हणून पन्नाशीत जे नुसतं खाजत होतं ते सत्तरीत चिरतं. इथवरचं सारं नाडी सैल केली की सुधारतं.

पण न भरणारी चीर ही वेगळी गोष्ट. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तरीची. परकर घट्ट बांधायची सवय, कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी साठी ओलांडलेली. ती चाळीस वर्षं लुगडं नेसत आलेली, म्हणजे आत परकर नाही, लुगडंच कमरेला आवळलेलं. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला, तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीला तोवर तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. घट्ट धोतर नेसणाऱ्या पुरुषांतही असा रोग आपल्या डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदला आहे. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी धरतात, तिथे पोटावर आणि मांड्यांवर असाच कर्करोग होतो. कातडी वर्षानुवर्षं एकाच जागी दुखावत राहिली, की तिच्या पेशी कधीतरी बिथरतात.

हा रोग दुर्मीळ आहे. आईंना घाबरवू नका. काळा पट्टा असलेल्या बहुतेक बायकांना तो कधीच होत नाही. पण महिनाभरात जी जखम भरत नाही, जिच्या कडा जाड आणि उंच झाल्या आहेत, जिच्यातून स्पर्शानेही रक्त येतं, तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा. त्याला बायॉप्सी म्हणतात. जागा बधिर करून बारीकसा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. आई त्याच दिवशी घरी येतील. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, की ते कुठल्या तरी शाळेत शिकवत असावेत. तसं होत नाही. तो पसरतो तो हळद लावत बसण्यात गेलेल्या काळात. वेळेत सापडला तर तेवढा भाग कापून काढला की बहुतेक वेळा काम भागतं.

नाडीचं म्हणाल, तर दोरीसारखी बारीक नाडी काढून टाका आणि चांगली तीन बोटं रुंद सुती पट्टी किंवा रुंद सैल इलॅस्टिक घाला. बेल्टवाले परकरही शिवून मिळतात, कुठल्याही शिंपीणबाईंना सांगा. गाठ रोज वेगळ्या बाजूला. घरात असताना गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घालायला आई तयार असतील तर सोन्याहून पिवळं. रात्री झोपताना परकर तसाच ठेवायचा नाही. काळ्या पट्ट्यावर आंघोळीनंतर व्हॅसलीन लावायचं, घासणीने घासायचं नाही. तो मळ नाही, निघणार नाही.

आईंना सांगा, डॉक्टरबाईंनी याच आठवड्यात बोलावलं आहे. माझ्याकडे नको असेल तर जवळच्या कुठल्याही सर्जनकडे जा, पण जा.

मी बहात्तर वर्षांचा, निवृत्त बँक कर्मचारी. डिसेंबर लागला की सर्वांगाला खाज. पाठ, पिंढऱ्या, मांड्या. रात्री झोप नाही. अंगावर पुरळ वगैरे काही दिसत नाही. रक्त शुद्ध होण्याचं औषध घेतलं, जंतुनाशक साबणाने दोनदा आंघोळ करतो, पाणीही चांगलं कढत घेतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.
— सुदामा नगर

काका, ‘तेवढ्यापुरतं’ हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. कढत पाणी खाजेला पाच मिनिटं गप्प करतं आणि दिवसभराची खाज मागे ठेवून जातं.

साठीनंतर कातडीतल्या तेलग्रंथी मंदावतात. माळव्याची थंडी कोरडी, रात्री पारा दहाच्या खाली जातो, हवेत ओलावा नाही. त्यात तुम्ही उरलंसुरलं तेल कढत पाण्याने आणि साबणाने दिवसातून दोनदा खरवडून काढता. घरी बोरिंगचं जड पाणी असेल, तर साबणाचा थर अंगावरून नीट निघतही नाही. रक्त ‘अशुद्ध’ वगैरे काही झालेलं नाही, ते औषध बंद करा.

आंघोळ एकदाच. पाणी कोमट, म्हणजे बादलीवर वाफ दिसता कामा नये. दहा मिनिटांत बाहेर. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. हातपाय आणि पाठ पाण्यानेच स्वच्छ होतात, तुम्ही काही शेतात नांगर धरत नाही. जंतुनाशक साबण कामवाल्या बाईलाही देऊ नका. अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. आणि कातडी अजून ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावायचं. आपली अभ्यंगाची पद्धत उलटी आहे, आधी तेल आणि मग ते उटण्याने उतरवायचं. दिवाळीचे चार दिवस ते छान. रोजच्यासाठी मात्र आधी पाणी, मग तेल. तिळाचं किंवा खोबरेल, जे आवडेल ते. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून बाटली आंघोळीच्या कोमट पाण्यात ठेवून द्या. मोहरीचं तेल काहींना चुरचुरतं. खाज फार असेल तर साधं व्हॅसलीन, चिकट लागतं, पण पाणी धरून ठेवण्यात महागड्या बाटल्या त्याच्यापुढे फिक्या पडतात. लोकरी बनियन थेट अंगावर नको, आत सुती घाला.

एक धोक्याची सूचना : तेल न्हाणीघरात लावायचं नाही. बाहेर, खुर्चीवर बसून, पायांत मोजे चढवूनच उठायचं. तेलकट फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर खाज ही आठवण म्हणून गोड वाटेल.

तीन आठवडे हे मनापासून करूनही फरक नसेल, तर साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी अलीकडे बदलली असेल तर तेही सांगा. आणि काकूंना विचारा, त्यांनाही रात्रीच खाजतं का? नातवंडांना? बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड आहेत का? तसं असेल तर ही खरूज. मग तेलाचा उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिनचं मलम लावायचं, खाजत नाही त्यांनीही, आणि आठवड्याने परत. कसं आणि कुठवर लावायचं ते डॉक्टरांकडून समजून घ्या. पांघरुणं आणि कपडे गरम पाण्यातून काढा. हौस असेल तर कढत पाणी तिथे वापरा.

पुतणीच्या लग्नासाठी केसांना काळी मेंदी लावली. नैसर्गिक आहे, अमोनिया नाही, असं पाकिटावर होतं. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद, कपाळ आणि कान लाल, पाणी गळायला लागलं. फोटोत मी गॉगल घालून उभा आहे. वय अठ्ठावन्न. आता कोणता ब्रँड वापरू?
— देवास

कोणताही नाही.

मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो. पाल्यातल्या लॉसोन नावाच्या द्रव्याचा तो रंग आहे आणि पांढऱ्या केसांवर तो तसाच चढतो. पाकिटातल्या ‘काळ्या मेंदी’ला काळं करणारं द्रव्य बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅराफिनाइलीनडायअमाइन. हेच काळ्या हेअर डायमध्येही असतं. अमोनिया असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. त्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची सोबत, आणि पुढची खेप मागच्यापेक्षा जोराची येते. मागच्या दहा वेळा काही झालं नाही, हे खरं असलं तरी निरुपयोगी आहे.

तुम्हाला आता ‘कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास थांबा’ ही चाचणीसुद्धा करायची नाही. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनी मात्र प्रत्येक वेळी करावी. लग्नाच्या आदल्या रात्री पाकीट फोडू नये. तुम्हाला रंग हवाच असेल तर शुद्ध मेंदीचा पाला, त्यात दुसरं काही नाही याची खात्री करून. केस तांबडे दिसतील. किंवा पांढरे राहू द्या आणि न्हाव्याला जरा बारीक कापायला सांगा. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोळशासारख्या काळ्या केसांनी कोणी फसत नाही, हे माझं मत. तुमच्या पत्नीचं वेगळं असू शकतं.

डेंग्यू होऊन गेला, आता तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. वय बावन्न. पार्लरवाली म्हणते बायोटिन घ्या.
— तिलक नगर

मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तुमचं गणित बरोबर जमतं आहे. मुळं शाबूत असतात, पुढच्या सहा महिन्यांत केस परत येतात. महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून वेणी पूर्ववत व्हायला त्याहून बराच वेळ लागेल. फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा, पाळी जाण्याच्या वयात दोन्ही गडबडतात. भांग रुंद होत चालला असेल तर ते वेगळं दुखणं, त्याला मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे, पण डॉक्टरांना दाखवून.

बायोटिन हे एक जीवनसत्त्व, आणि ते आपल्या जेवणात कमी नसतं. आणि त्याच्या जोरदार गोळ्या थायरॉइडच्या, इतकंच काय हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या रक्ततपासणीचे आकडेसुद्धा चुकवू शकतात. घेतच असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा.

गालांवर वांग आहे. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने महिन्याभरात चेहरा गोरापान झाला, सगळ्यांनी विचारलं काय लावतेस. आता ट्यूब सोडली की चेहरा लाल होतो, फोड येतात, गालावर केसही आले आहेत. लिंबू आणि मध लावून गच्चीवर बसले तर आणखी काळं झालं. वय सत्तेचाळीस, शिक्षिका, रोज स्कूटरने जाते.
— वैशाली नगर

बाई, त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं आहेत : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. गोरेपणाची घाई भागवली ती मुख्यतः स्टिरॉइडने, आणि आता त्याचीच वसुली चालू आहे. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, फोड येतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटून उठतो. म्हणून लोक परत तिच्याकडेच जातात. २०१८ मध्ये सरकारने कातडीला लावायची चौदा स्टिरॉइड औषधं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आता काउंटरवर काय चालतं ते तुम्ही स्वतः अनुभवलंच आहे. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते ती टप्प्याटप्प्याने सोडवतील. फोटो बघून औषध सांगा, असं मला कृपया लिहू नका.

लिंबाचा रस लावून उन्हात बसणं हा कातडी काळी करण्याचा नेमका उपाय आहे. लिंबातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि मागे काळे डाग राहतात. लिंबू पोह्यांवर पिळा.

वांग जन्मभराचा पाहुणा आहे, त्याला आटोक्यात ठेवायचं. सूर्य हा त्याचा सर्वांत मोठा दोस्त. कर्कवृत्त उज्जैनच्या बाजूने जातं आणि आपण त्याच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे जूनमध्ये सूर्य अक्षरशः आपल्या डोक्यावर येतो. सनस्क्रीन किमान तीस एसपीएफचं, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ ओढून येईल तेवढं, चेहरा आणि मान मिळून. चण्याएवढं लावून काही होत नाही. तीन तासांनी परत. शाळेत खिडकीशी बसत असाल तर काचेतूनही किरणं येतात. वांगाला नुसता उजेडही चेतवतो, म्हणून लोह-ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त चांगलं. आणि इंदूरच्या मुली स्कूटरवर दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात, त्याची बाहेरगावचे लोक थट्टा करतात. करू देत. जाड सुती दुपट्टा फार चांगलं काम करतो, आणि फुकटात.

सूनबाईंनी कोलेजन पावडर मागवली आहे, सुरकुत्यांसाठी. महिन्याला अडीच हजार. घेऊ का? वय सहासष्ट.
— स्नेहलतागंज

पाळी गेल्यावर कातडीतलं कोलेजन झपाट्याने घटतं, हे खरं. पण खाल्लेलं कोलेजन पोटात पचून त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे गालावरच जाऊन बसतील अशी चिठ्ठी त्यांच्यावर लिहिता येत नाही. सूनबाईंना प्रेम दाखवायचंच असेल तर त्या पैशांत दूध, दही, अंडी, पनीर, चणे, डाळी येतील. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी शेव, रात्री खिचडीचे चार घास, हा जो आपला इंदुरी थाट आहे त्यात प्रथिनं फार कमी पडतात. किडनी ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. पन्नास किलो वजन म्हणजे पन्नास ग्रॅम. मोजून बघा, दचकाल.

शिवाय हातांचा टेकू न घेता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भिंतीजवळ खुर्ची ठेवून करा. याने चेहऱ्यावर काही दिसणार नाही, पण जिना चढताना कळेल.

मधुमेह आहे. दर बुधवारी खजराना गणपतीला जाते, अनवाणी प्रदक्षिणा घालते. मेमध्ये तळव्यांना फोड आले, कधी आले कळलंच नाही.
— परदेशीपुरा

कळलं नाही, हेच मोठं दुखणं. साखरेने पावलांच्या नसा बधिर झाल्या आहेत. याच महिन्यात डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्या. बारीक नायलॉनचा धागा टेकवून बघतात, दुखत नाही. उन्हाळ्यात दर्शन सकाळी लवकर, पायांत जाड सुती मोजे. गणपतीची त्याला हरकत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, भोवरी स्वतः ब्लेडने कापू नका आणि भोवरीच्या पट्ट्या लावू नका, त्यातल्या ॲसिडने जखम होते. पाणी गरम आहे का ते पायाने बघू नका, कोपराने बघा.

छातीवर एका बाजूला नागीण उठली आहे. शेजारच्या आजी म्हणतात तोंड आणि शेपूट मिळालं तर माणूस जातो. गेरू लावला आहे.
— महू

तुम्हाला फोनवर सांगितलं आहेच, हे इतरांसाठी. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू. तो नसेच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं की त्या एका नसेच्या पट्ट्यात उठतो. नस मधल्या रेषेपाशी संपते, म्हणून नागीणही तिथेच थांबते. तोंड-शेपूट मिळण्याची वाट बघू नका. खरी घाई वेगळीच आहे : फोड दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत जास्त. झाडणाऱ्याकडे आणि गेरूत हेच तीन दिवस जातात आणि मग आग महिनोन्महिने राहते. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यापासून लांब राहा, त्यांना कांजिण्या होऊ शकतात. पन्नाशीनंतर घ्यायची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. पण ज्याने ती आग भोगली आहे तो किंमत विचारत नाही.

लाजत विचारते. हनुवटीवर दोन-तीन राठ केस येतात. उपटले की दाट येतात का? वय चौसष्ट.
— नाव आणि वस्ती नको

येत नाहीत. पाळी गेल्यावर संप्रेरकांचा तोल बदलतो आणि असे दोन-चार केस बहुतेकींना येतात. थ्रेडिंगवाल्या बाईंना तेही करायला सांगा, नाहीतर चिमटा घ्या. थोड्याच महिन्यांत दाढीसारखे केस आले, आवाज घोगरा झाला, तर मात्र तपासणी करावी लागेल. चिमटा वापरताना खिडकीशी बसा आणि चष्मा लावा, नाहीतर केसाऐवजी कातडी ओढाल.